कॅश सगळीकडे ऑन ठेवला तर बिघडतं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कंट्रोललॉजिक्समधल्या (रॉकवेलचा, कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) मेसेज इन्स्ट्रक्शनवरच्या (दुसऱ्या उपकरणाकडून डेटा वाचायची किंवा त्याला पाठवायची आज्ञा) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते थोडक्यात असं : 'मेसेज एकामागून एक पाठवा हा सल्ला जुन्या कंट्रोलरांच्या काळातला आहे. आता मेमरी भरपूर असते. मी २४ ड्राइव्हचे रीड आणि राइट सगळे कॅश ऑन ठेवून एकदम सोडतो, कधी काही अडलं नाही. तुमच्या पद्धतीने उगाच वेळ जातो.' (ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण, आणि कॅश ऑन म्हणजे मेसेजसाठी उघडलेलं कनेक्शन काम झाल्यावरही उघडंच ठेवणं.) उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

मेमरीबद्दल तुमचं बरोबर आहे. कंट्रोलरच्या जुन्या ५५६० पिढीत कॅश कनेक्शन ३२ मिळायची, नव्या ५५८० मध्ये २५६ मिळतात. तुमचा कंट्रोलर नवा असेल तर हा आकडा तुम्हाला नडणार नाही. जुना असेल तर मात्र हिशोब तपासा. २४ ड्राइव्ह म्हणजे २४ कनेक्शन, असं तुम्ही धरलेलं दिसतंय. पण एकाच ड्राइव्हचे रीड आणि राइट एकाच वेळी चालू असतील तर दोघांना वेगवेगळं कनेक्शन लागतं. म्हणजे झाली ४८. तेच दोन मेसेज, एक संपल्यावर दुसरा असे चालवले आणि दोन्ही एकाच प्रकारचे असले, तर एकाच कनेक्शनवर भागतं. मी क्रम लावा म्हणतो त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कॅश ऑन केला की अनकनेक्टेड बफरचा (कनेक्शन न उघडता जाणाऱ्या मेसेजसाठीची तात्पुरती जागा) प्रश्नच मिटतो, असा समज बऱ्याच जणांचा असतो. पण कनेक्शन उघडायची विनंती, म्हणजे फॉरवर्ड ओपन, ती स्वतः अनकनेक्टेड बफरमधूनच जाते. कनेक्शन उघडलं की तो बफर मोकळा होतो आणि पुढचे मेसेज कनेक्शनवरून जातात. जुन्या पिढीत असे बाहेर जाणारे बफर मुळात १० असतात, सेटिंग बदलून ४० पर्यंत नेता येतात. मेसेज रांगेतून बाहेर पडला आणि त्या क्षणी बफर मोकळा नसला, तर तो थांबून राहत नाही. सरळ ईआर (एरर) बिट लागतो, म्हणजे मेसेज फसला.

आता हे कधी घडतं? चालू लाइनवर नाही, कारण तिथे कनेक्शनं आधीच उघडलेली असतात. घडतं ते वीज गेली-आली की. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी सकाळी भोसरी-चाकणकडे पॅनल ऑन होतात तेव्हा बघा : कंट्रोलर रनमध्ये आलेला असतो आणि मधला स्विच अजून बूट होत असतो. पहिल्याच स्कॅनला (प्रोग्रामच्या पहिल्या फेरीला) ४८ मेसेज सुटतात, हातात बफर १०. त्या दहांना समोरून उत्तर येत नाही आणि अनकनेक्टेड टाइमआउट बदललेला नसेल तर तो ३० सेकंदांचा असतो. तितका वेळ ते बफर अडकले. बाकीचे ईआर.

तुम्हाला हे दिसत नाही, कारण तुमच्या रंगमध्ये (प्रोग्रामच्या ओळीत) ईएन बिट (मेसेज चालू असल्याची खूण) गेला की मेसेज पुन्हा सुटतो. रीड असेल तर काही बिघडत नाही, थोड्या वेळाने वाचलं जाईल. पण फर्स्ट स्कॅनला एकदाच पाठवायचा राइट असेल, समजा रॅम्प टाइम किंवा करंट लिमिट, तर तो गेला तो गेलाच. ड्राइव्ह जुन्याच सेटिंगवर फिरत राहील आणि दोष मेकॅनिकलवाल्यांच्या माथी जाईल.

वेळ जातो म्हणालात, त्यावर. क्रमाने पाठवणं हळू पडतं ते बहुतेक दोन चुकांमुळे. पुढचा मेसेज फक्त डीएन (काम झालं) बिटवर सोडायचा आणि ईआर विसरायचा, ही पहिली. एक ड्राइव्ह बंद पडला की सगळी साखळी तिथेच उभी. दुसरी म्हणजे टाइमआउट ३० सेकंदांचाच ठेवणं. तो तीन सेकंदांवर आणा. मात्र किंमत मायक्रोसेकंदात असते, म्हणजे ३०,००,०००. मिलिसेकंद समजून ३००० टाकलं की मेसेज तीन मिलिसेकंदांतच हात वर करतो आणि मग लोक केबल बदलत बसतात. सगळी एकच साखळी हवी असंही नाही. चार-पाच समांतर साखळ्या करा. वेग मिळतो आणि एका वेळी किती बफर लागतील हे तुमच्या हातात राहतं.

राहिलं समोरचं टोक. कनेक्शन दोन्हीकडे जागा घेतं. तुमच्याकडे २५६ असली तरी वाटेत जुनं १७५६-ईएनबीटी हे इथरनेट कार्ड असेल तर त्याची मर्यादा १२८ सीआयपी (कंट्रोलरांचा औद्योगिक प्रोटोकॉल) आणि ६४ टीसीपी कनेक्शनची आहे, आणि त्यातच आयओ (इनपुट-आउटपुट), एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) आणि तुमचा लॅपटॉपही येतो. आणि जो डेटा दर काही मिलिसेकंदांनी हवाच आहे त्यासाठी मेसेज वापरूच नका. दोन कंट्रोलरांमध्ये प्रोड्यूस्ड-कन्झ्यूम्ड टॅग (ठरलेल्या वेळाने आपोआप जाणारा डेटा) घ्या, ड्राइव्हसाठी आयओ कनेक्शन आहेच.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. प्रत्येक मेसेजच्या ईआर बिटवर एक काउंटर लावा आणि ईएक्सईआरआर (एररचा सविस्तर कोड) एका टॅगमध्ये धरून ठेवा. मग पुढच्या शटडाउनला पॅनल बंद-चालू करून बघा. ०२०४ दिसला तर विनंतीला वेळेत उत्तर आलं नाही. ०११३ दिसला तर कनेक्शनं संपली आहेत, आणि ती बहुधा समोरच्या टोकाची असतील. काउंटर शून्यावरच राहिले तर तुमची पद्धत तुमच्या लाइनला चालते, तसं इथेच लिहा. ड्राइव्हचं मॉडेल आणि कंट्रोलरचं फर्मवेअर व्हर्जनही टाका, म्हणजे बाकीच्यांना उपयोग होईल.