वाटीचं विलगीकरण

करोनाच्या लॉकडाउनमध्ये शेजाऱ्याला चमचाभर विरजण द्यावं की नाही, याबद्दल सरकारी आदेशात अवाक्षर नव्हतं. दूध, किराणा, औषधं, बँक, गॅस सिलिंडर हे सगळं अत्यावश्यक. बाकी कशासाठी बाहेर दिसलात तर सरकारी आदेश मोडल्याचं, तेव्हाच्या दंड संहितेतलं कलम 188, आणि त्याच्या पाठीशी 1897 चा साथरोग कायदा. हा कायदा आपल्याच मुंबईत प्लेग आला तेव्हाचा. पण तो करणाऱ्या साहेबाला विरजण म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यामुळे आमच्या दहिसरच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीला हा प्रश्न आपल्या अकलेने सोडवावा लागला. अक्कल भरपूर होती. बारा बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाची स्वतंत्र.

सुरुवात आमच्याकडून झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दही लागलंच नाही. डेअरीसमोर चुन्याने गोल आखले होते, त्या गोलात उभं राहून नंबर येईपर्यंत दही संपलेलं असायचं. बायकोने वरच्या काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, “अगं, एवढंच ना? पाठवते वाटीत.”

‘पाठवते’ म्हणायला सोपं होतं. आदल्याच रात्री सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर फर्मान काढलं होतं, की सभासदांनी एकमेकांच्या घरी जाणे-येणे कटाक्षाने टाळावे. आता जिना हा घरात धरायचा की बाहेर? उंबरठ्यावर काही ठेवलं तर ते ‘जाणे’ होतं का? ग्रुपवर यावर चर्चा झाली. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या आजोबांनी मत दिलं, की वस्तू पायरीवर ठेवून घंटी वाजवून निघून जाणे ही भेट नव्हे, तो केवळ ताबा देणे आहे. सेक्रेटरींनी त्यावर नुसता अंगठा टाकला. तो संमतीचा की ‘वाचलं’ एवढाच, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तर काकूंनी पायरीवर वाटी ठेवली, घंटी वाजवली आणि अर्धा जिना वर जाऊन उभ्या राहिल्या. मी दार उघडलं, वाटी उचलली. विरजण घरात आलं, दही लागलं, आणि इथे खरं संकट सुरू झालं. वाटी आता परत करायची होती.

रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, हा आपल्याकडचा नियम कुठल्याही कायद्यापेक्षा जुना आहे आणि त्याला शिथिलता नाही. बायकोने वाटीत लिंबाचं लोणचं घातलं. काकूंकडून ती साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. खिचडीच्या तोडीचं काय द्यायचं, म्हणून आम्ही रव्याचा डबा पालथा करून शिरा केला. रामनवमीला वाटीतून सुंठवडा आला आणि त्यासोबत, सुंठवडा कोरडा लागतो म्हणून, वेगळ्या वाटीत श्रीखंड. म्हणजे वाट्या दोन झाल्या. रवा मिळत नाही म्हणून लोक हवालदिल झालेले असताना आमच्या जिन्यात मात्र महागाई अशी वरवर चढत होती. “या वेळी राहू दे, नंतर देऊ” हे वाक्य बायकोला एकदा बोलून दाखवलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पोलिसांनाही नाक्यावर कामी आली असती.

त्यात भाच्याने पुण्याहून अभ्यास पाठवला. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मार्च 2020 मध्येच मोजून ठेवलं होतं, की हा विषाणू प्लॅस्टिकवर 72 तासांपर्यंत सापडतो, पुठ्ठ्यावर 24 आणि तांब्यावर फक्त 4. स्टीलवरही तो दोन-तीन दिवस मुक्कामाला असतो. दुधाच्या पिशव्या आम्ही आधीच साबणाने धुऊन दोरीवर चिमट्यांनी टांगत होतो. आता वाट्यांचं विलगीकरण सुरू झालं. आतला जिन्नस आपल्या पातेल्यात काढायचा, चांगला गरम करायचा, खायचा. वाटी बाल्कनीत उन्हात, खाली तारखेची चिठ्ठी. श्रीखंड गरम करायचं की नाही यावर घरात दोन पक्ष पडले. अखेर ते तसंच खाल्लं आणि हात मात्र दोनदा धुतले.

बाल्कनी भरत गेली, कारण तोवर बाकीची बिऱ्हाडंही या व्यवहारात उतरली होती. स्टीलच्या भांड्यांवर आपण नावं कोरून घेतो, ते किती दूरदृष्टीचं आहे हे मला तेव्हा कळलं. एकीवर ‘सप्रेम भेट, मामा’, एकीवर नुसतीच आद्याक्षरं, एकीवर 1984 च्या मे महिन्यातली कुणाच्या तरी लग्नाची तारीख. पालिकेची माणसं तेव्हा कॉन्टॅक्ट ट्रेसिंगसाठी दारोदार फिरत होती. आमच्या बाल्कनीत आली असती तर सगळ्या सोसायटीचा माग दहा मिनिटांत लागला असता.

तांब्याची बातमी काकूंपर्यंत पोहोचली आणि त्यांनी माळ्यावरून सासूबाईंची तांब्याची वाटी काढली. चार तासांत काम फत्ते! पण तांब्यात ताक-दही कळकतं, हे त्यांना अमेरिकेने सांगायची गरज नव्हती. त्यासाठी कल्हई हवी. कल्हईवाला लॉकडाउनमध्ये कुठून आणायचा? आणि समजा आणलाच, तर कल्हई म्हणजे कथिल. मग विषाणूला तांबं लागणारच नाही, कथिल लागेल, आणि भाच्याने पाठवलेल्या तक्त्यात कथिलाचे तास दिले नव्हते. काकूंनी वाटी पुन्हा माळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, “जाऊ दे रे. स्टील आपलं बरं.”

हे त्या कुठे म्हणाल्या? जिन्यात. सहा पायऱ्या वर उभ्या राहून, 8 एप्रिलपासून सक्तीचा झालेला मास्क हनुवटीखाली ओढून, कारण मास्कमधून मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. मीही माझा खाली ओढला होता, त्यांना ऐकू जावं म्हणून. अशा गप्पा वाटीगणिक चांगल्या पाऊण तास चालत. पुढे एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने जाहीर केलं, की वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. खरा धोका श्वासाचा. म्हणजे निर्दोष वाटी बाल्कनीत तीन दिवस उन्हात तापत पडलेली, आणि आम्ही दोघं जिन्यात मोकाट.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला सेक्रेटरी काकाही सापडले. कोकणातले बागायतदार तेव्हा हापूसच्या पेट्या थेट सोसायट्यांमध्ये पोचवत होते. काकांनी स्वतःच्या पेटीतले दोन-दोन आंबे काढून, हातमोजे घालून, प्रत्येक दारापाशी ठेवले. मी दाराच्या भोकातून बघत होतो. रात्री ग्रुपवर आजोबांनी विचारलं, “हे जाण्या-येण्यात बसतं का?” काका म्हणाले, “हे सोसायटीच्या कामात बसतं.”

मे महिन्यात पहिल्या मजल्यावरचं एक कुटुंब पॉझिटिव्ह निघालं. पालिकेने दाराला कागद चिकटवला, जिन्याला पट्टी लावली, चौदा दिवस कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. त्या दिवशी मात्र काय चालतं आणि काय चालत नाही, हे ग्रुपवर कोणी विचारलं नाही. सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाची पाळी कधी, याचा तक्ता तासाभरात तयार झाला. डबा पिशवीत, पिशवी कडीला. संध्याकाळच्या पोळ्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपणहून मागून घेतल्या. या दोन घरांत बाथरूमच्या गळतीवरून इतकी वर्षं अबोला होता की मूळ गळती बंद झाल्याचंही दोघांच्या लक्षात आलं नव्हतं. हे गृहस्थ पिशवी अडकवायचे, घंटी दाबायचे आणि दार उघडायच्या आत गुडघ्यांची पर्वा न करता वर पळायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “पोळ्यांचं वेगळं. बोलणं अजून बंदच आहे.”

ती मंडळी बरी झाली. आणि बरी झाल्या झाल्या त्यांनी काय केलं? जमलेली सगळी भांडी उकळत्या पाण्यातून काढली, प्रत्येकात शेवयांची खीर भरली आणि दारोदार पाठवली. पाठवताना नावं काही वाचली नाहीत. मामाची सप्रेम भेट आमच्याकडे आली, आमचा डबा आजोबांकडे, 1984 चं लग्न तळमजल्यावर, आणि बोलणं बंद असलेल्या गृहस्थांकडे एक अशी वाटी, जी बाराही बिऱ्हाडांपैकी कोणाचीच नव्हती. ती त्यांनी परत केली. अर्थातच चिवडा भरून.

शेवटी सेक्रेटरी काकांनी नोटीस लावली: रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर भांडी-अदलाबदल, प्रत्येक घरातून एकच व्यक्ती, मास्क आवश्यक, भांडी कृपया रिकामी आणावीत. वार्षिक सर्वसाधारण सभेला आमच्याकडे कोरम कधी होत नाही. त्या रविवारी पावणेदहालाच झाला होता, आणि एकाचंही भांडं रिकामं नव्हतं.