वय झालं म्हणे

आज लिफ्टमध्ये एक बाई सांगत होत्या, सासूबाई एकच प्रश्न दिवसातून दहादा विचारतात. बाजूचे गृहस्थ हसून म्हणाले, "वय झालं, चालायचंच!" माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

हेच वाक्य आमच्या घरात दोन वर्षं चाललं. बाबा पायाखालच्या रस्त्यावर चुकले, वय झालं. जन्मभर हिशेब ठेवलेला माणूस पासबुक हातात धरून नुसता बघत बसला, वय झालं. डॉक्टरही तेच म्हणाले, मग काय, आम्ही निवांत.

शेवटी एका तपासणीत त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आकडे घाला, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा. गोल सुरेख आला. बाराच्या बारा आकडे मात्र उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने, डावी बाजू कोरी. पेनाला टोपण लावून बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे ना?" मी हो म्हटलं.

अल्झायमर या डॉक्टरने 1901 मध्ये जी बाई तपासली, जिच्यामुळे स्मरणशक्ती जाण्याच्या या आजाराला त्याचं नाव मिळालं, ती 51 वर्षांची होती. तिचं कुठलं वय झालं होतं?

आणि दरवेळी अल्झायमरच असतो असंही नाही. बी-12 जीवनसत्त्व कमी असतं, थायरॉईड बिघडलेला असतो, डोक्यात पाणी साठलेलं असतं, नैराश्य असतं, नाहीतर झोपेच्या गोळ्यांचा घोळ असतो. यातलं बरंचसं सुधारू शकतं. म्हातारं माणूस एका रात्रीत बरळायला लागलं तर लघवीचा संसर्गही असू शकतो. पण तपासणार कोण? वय झालंय ना!

मान्य, बाबांचं यातलं काही निघालं नाही. अल्झायमरच निघाला. डोनेपेझिल नावाचं औषध चालू आहे, त्याने आजार बरा होत नाही, हेही मान्य.

(बाबांनी आत्ता विचारलं, किती वाजले. मघाशीही विचारलं होतं. सांगितलं.)

पण आधी कळलं असतं तर त्या दोन वर्षांत मी त्यांच्यावर ओरडले नसते. "आत्ताच सांगितलं ना बाबा, मुद्दाम करता का?" असं म्हणायचे मी. ते गप्प व्हायचे. पैशांचं, घराचं त्यांना काय हवंय तेही तेव्हा विचारता आलं असतं, त्यांना सांगता येत होतं तोवर. त्या गृहस्थांवर कसली चिडते मी.

लिफ्टमधल्या बाईंना मेसेज केलाय. रक्त तपासून घ्या, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवा, आणि सासूबाईंना एकदा घड्याळ काढायला सांगायला लावा. अजून वाचलेला दिसत नाही.