भविष्यकाळ पाहून आलेला माणूस

ज्याने लहानपणीच भविष्यकाळ पाहून घेतला आहे अशा मुलाशी लग्न करू नये, असे माझ्या बायकोचे अनुभवसिद्ध मत आहे. मी तो चौथीच्या सुट्टीत पाहिला. मामा फ्लोरिडात नोकरीला होता, म्हणून १९८० च्या दशकात, जेव्हा नाशिकला घरी फोन यावा यासाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, तेव्हा मी डिस्नेच्या एप्कॉट सेंटर या उद्याचे जग दाखवणाऱ्या उद्यानातल्या १८० फुटी चंदेरी गोलासमोर मान वर करून उभा होतो. वॉल्ट डिस्ने यांना तिथे खरे तर हजारो माणसे राहतील असे उद्याचे शहर वसवायचे होते. १९६६ मध्ये ते वारले, शहर कागदावरच राहिले आणि १९८२ मध्ये त्या नावाचे उद्यान उघडले. नाशिककराला याची मोठी गंमत वाटते, कारण आमच्याकडे उद्यान कागदावर राहते आणि त्या जागी इमारत उगवते.

माझे खरे नुकसान केले ते 'होरायझन्स' या दालनाने. आसनात बसून संथपणे सरकत जायचे आणि उद्याची घरे, समुद्राखालची वस्ती, अवकाशातली वस्ती बघायची. वाळवंटात फुलवलेल्या बागेपाशी तर संत्र्यांचा वास सोडलेला असे. परतीची वाट वाळवंटातून, समुद्रातून की अवकाशातून, हे शेवटी बटण दाबून गाडीतल्या बहुमताने ठरायचे. आई आणि मामा या दोघांनी समुद्र निवडला, त्यामुळे अवकाश मला लोकशाही मार्गाने नाकारले गेले. १९९९ मध्ये हे दालन कायमचे बंद झाले आणि पुढे इमारतही पाडली. भविष्यकाळ जुना झाला म्हणून पाडावा लागतो, हे कळल्यावर मी सुतक तेवढे पाळले नाही.

'द लँड' या दालनात बोटीतून जाताना मातीशिवाय वाढणारी पिके दिसत. त्या आठवणीपायी मी गॅलरीत पीव्हीसी पाइपला भोके पाडून, खाली पंप बसवून, निव्वळ पाण्यावर मेथी लावली. माझे सासरे निफाडचे द्राक्ष बागाईतदार. त्यांनी चष्मा काढून पाइपात डोकावून पाहिले, एक लोंबणारे मूळ चिमटीत धरले आणि अत्यंत आदराने विचारले, "जावईबापू, मातीनं तुमचं काय वाकडं केलंय?" पुढच्या शनिवारी दिवसभर वीज गेली, पंप थांबला आणि संध्याकाळपर्यंत मेथीने मान टाकली. बायकोने पिशवी माझ्या हातात दिली आणि ती काहीच बोलली नाही, हे अधिक लागले.

तरीही आशा सुटत नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, त्या रात्री मला झोप लागली नाही. रबरी टायरांवर, वरच्या तारेतून वीज घेत, खांबांवरच्या मार्गाने धावणारी गाडी! नाशिकच्याच द्वारका चौकात अडकलो असताना मी हे सारे रिक्षावाल्याला, एप्कॉटच्या मोनोरेलच्या दाखल्यासह, तपशीलवार समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, तोवर सीबीएस स्टँडला सोडू का?"

मात्र 'होरायझन्स' दालनातली एक गोष्ट आमच्या घरी शब्दशः खरी झाली आहे. तिथे अवकाशातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला दूरदूरचे नातेवाईक समोर प्रकट होऊन गाणे म्हणत. परवा माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मीही तसाच घाट घातला. पुण्याच्या आत्याचा फक्त पंखा दिसत होता. काकांचा आवाज येत होता, पण तो शेजारच्या टीव्हीला उद्देशून होता. आईला "बोल, मामा आहे" असे सांगून फोन दिला, तर तिने तो सवयीने कानाला लावला आणि अमेरिकेशी बोलायचे म्हणून आवाज चढवून ती मनसोक्त बोलत राहिली. फ्लोरिडात मामा पडदाभर आपल्या बहिणीचा कान पाहत होता. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्याने विचारले, "ताई, कुड्या नवीन केल्यास का गं?"