एका दिवसात पाच ठिकाणं नकोत

जपानमधल्या क्योतोचे फोटो टाकल्यापासून बरेच जण विचारताहेत की आई-बाबांना पाठवू का, कुठल्या टूरने पाठवू. टूरचं नाव इथे लिहीत नाही. पण पाठवायच्या आधी त्या एका दिवसाचं सगळं वाचा.

कार्यक्रमात पाच ठिकाणं होती. पहिलं सांजुसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर. जवळजवळ १२० मीटर लांब लाकडी सभामंडप आणि आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती. मधली मोठी, बसलेली. तिच्या दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. १२४९ च्या आगीतून १२४ मूर्ती वाचल्या, बाकीच्या त्या शतकात नव्याने घडवल्या. पुढच्या ओळीत २८ रक्षक देवता आहेत, त्यांत बासरी वाजवणारा गरुड. आईने त्याला पंखांवरून लगेच ओळखलं आणि हात जोडले. आत फोटो काढायला बंदी आहे ते फार बरं. सगळ्यांना डोळ्यांनीच बघावं लागतं.

तिथे एक समजूत आहे. या हजार चेहऱ्यांत आपल्याला भेटावंसं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो म्हणे. हे मी आईला सांगितलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत. ती काही बोलली नाही, एका टोकापासून एकेक चेहरा बघायला लागली. वीस मिनिटांत गाइडने झेंडा वर केला. आईचा जेमतेम पाव भाग बघून झाला होता.

मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पैसे भरून, सात समुद्र ओलांडून माणूस येतो, आणि त्याला वीस मिनिटं?

किंकाकुजीत, म्हणजे सोनेरी मंदिरात, गर्दीबरोबर पुढे सरकत राहिलो. सोन्याचा मुलामा, तळ्यातलं प्रतिबिंब, फोटो, बस. सध्याची इमारत १९५५ ची आहे, जुनी १९५० साली जाळली गेली.

मग रिओआनजी, म्हणजे दगडांच्या बागेचं मंदिर. चपला काढून लाकडी ओसरीवर बसायचं. समोर पांढरी वाळूसारखी बारीक खडी, दाताळ्याने ओढलेल्या रेघा, आणि १५ दगड. ओसरीवर कुठेही बसलात तरी एक तरी दगड दुसऱ्यामागे लपतोच. झाड नाही, पाणी नाही. हिरवं म्हणाल तर दगडांच्या बुडाशी शेवाळ तेवढं. मागची भिंत तेलात उकळलेल्या मातीची आहे. ते तेल शतकानुशतकं बाहेर झिरपून भिंतीवर आपोआप डाग उमटलेत.

आमच्या घराजवळ, सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते जपानच्याच ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं, आई नेहमी जाते तिथे. ती चालत बघायची बाग. ही बसून बघायची. हा फरक टूरवाल्यांच्या लक्षातच येत नाही. बसून बघायच्या बागेला अर्धा तास देणं म्हणजे जेवायला बोलावून ताट दाखवून उठवणं आहे.

गाइडने हाक मारली तेव्हा आई म्हणाली, "थांब गं, आत्ता कुठे दिसायला लागलंय."

आम्ही उठलो नाही. पुढची दोन ठिकाणं सोडतो, हॉटेलवर आमचे आम्ही येतो, असं गाइडला सांगितलं. तो नाराज झाला, पण हो म्हणाला. आई तासभर बसली. ग्रुप निघायच्या आधी शेजारी आपल्याच ग्रुपमधली माणसं मोठ्याने व्हिडिओ कॉल करत होती, त्यांना मी हात जोडून थांबवलं. ओसरीवर इतकी शांतता असते की एकाचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. कृपा करून एवढं पाळा.

क्योतोतल्याच साइहोजीने, त्या शेवाळाच्या मंदिराने, १९७७ पासून आधी अर्ज केल्याशिवाय प्रवेश बंद केला. पूर्वी मला हा तोरा वाटायचा. आता पटतं. शेवाळ काय आणि बघणारा काय, दोघांनाही गर्दी सोसत नाही.

तेव्हा टूर ठरवताना ठिकाणं मोजू नका. प्रत्येक ठिकाणी किती वेळ मिळणार ते आधी लेखी मागा. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी दिवसाला दोन ठिकाणं पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवशी सगळे खरेदीला ओसाकाला गेले. आम्ही दोघी सकाळीच परत सांजुसान्गेन्दोला गेलो. आदल्या दिवशी जिथे सोडलं होतं, बरोबर तिथून आईने बघायला सुरुवात केली.