थापी हातात आली म्हणून पुस्तक सुटत नाही

शाळा सुरू झाल्यापासून एक मजकूर पालकांमध्ये फिरतो आहे. माझ्याकडेच तो सहा-सात जणांकडून आला. थोडक्यात म्हणणं असं: नववी-दहावीच्या पोरांना शाळेत बांधकाम, नळकाम, वायरिंग शिकवायचं म्हणजे गरिबाच्या पोराला मजूरच ठेवायचं. मोठ्यांची मुलं संगणक शिकणार, आपली सिमेंट कालवणार. त्यात दहावीचे मार्क जाणार. साइटवर जे आपोआप शिकता येतं ते शाळेत कशाला, आयटीआय आहेच की. आणि मुलींनी हे शिकून करायचं काय?

मी बारा वर्षं माध्यमिक शाळेत हाच विषय शिकवतो. माझी आई बावीस वर्षं साइटवर घमेली वाहत होती. त्यामुळे यातली पहिली ओळ मी झटकून टाकू शकत नाही, आणि टाकणारही नाही.

ती भीती खरी आहे, तिला इतिहास आहे. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळेची वेळ कमी केली. अर्धा दिवस शाळा, उरलेला वेळ मुलाने घरच्या धंद्यात घालवायचा. म्हणजे कुंभाराच्या पोराने चाकावर बसायचं, धोब्याच्या पोराने घाटावर जायचं. समाजसुधारक पेरियार आणि त्यांची द्रविड चळवळ त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, आणि 1954 मध्ये मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी ती योजना मागे घेतली. मी तिथे असतो तर त्या मोर्च्यातच असतो.

पण त्या योजनेत वाईट काय होतं, ते नीट बघा. शाळेचे तास कापले होते, आणि मुलाचा धंदा त्याच्या बापावरून ठरत होता. आपल्याकडे जे चालतं त्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन बसला. तिथे मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम उभा राहिला आणि पुढे अनेक शाळांत गेला, त्यात आठवड्यातला एक दिवस हाताने काम आणि बाकीचे दिवस गणित-विज्ञान-भाषा नेहमीसारखेच असतात. शिवाय एकच धंदा नाही: बांधकाम-वेल्डिंग, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन, आरोग्य-अन्नप्रक्रिया, सगळं सगळ्यांना. बागायतदाराचा मुलगा वीट रचतो आणि ऊसतोड कामगाराची मुलगी वायरिंग करते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सुतारकाम, वीजकाम, धातुकाम यांची ओळख सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला व्हावी असं लिहिलं आहे. प्रत्येक मुलाला, हे त्यातलं महत्त्वाचं. ज्या दिवशी एखादी शाळा फक्त ‘ढ’ तुकडीला या विषयाला बसवेल, त्या दिवशी तो फिरता मजकूर त्या शाळेपुरता खरा होईल आणि मी स्वतः तो पुढे पाठवीन.

आता मजूर कोण राहतो, ते सांगतो. माझ्या आईला बावीस वर्षांत कुणी थापी हातात दिली नाही. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा कसा धरायचा हे तिला बघून बघून कळलेलं होतं, पण मिस्त्री शिकवायचा तो आपल्या भाच्याला नाहीतर गाववाल्याला. साइटवर बिगारी आणि मिस्त्री यांच्या रोजच्या मजुरीत मोठा फरक असतो, आणि तो ताकदीचा नसतो, माहितीचा असतो. ती माहिती नात्यागोत्यात बंद आहे. शाळा ती सगळ्यांसमोर फळ्यावर मांडते. हातात विद्या नसलेलाच जन्मभर घमेलं उचलतो, आणि तो मजकूर नेमकी ती विद्याच पोरांपासून लांब ठेवायला सांगतो आहे.

मार्कांचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. पायथागोरसचं प्रमेय पोरं पाठ करतात, पण ते कशासाठी आहे हे त्यांना पहिल्यांदा आखणीच्या दिवशी समजतं. मैदानात चुना टाकायचा, एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजायचं, तिरपं 5 भरलं की कोपरा काटकोनात आला. मग चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे नसतील तर खुंट्या पुन्हा हलवायच्या. दोन इंचांचा फरक शोधत पोरं तासभर उन्हात थांबतात. वर्गात भूमितीच्या तासाला ती दहा मिनिटं टिकत नाहीत.

किंवा स्लॅबचा हिशोब घ्या. खोली 10 फूट बाय 12 फूट, स्लॅब 5 इंच जाड. काँक्रीट किती? 50 घनफूट. सुका माल त्याच्या साधारण दीडपट लागतो, 1.54 ने गुणायचं, 77 घनफूट. सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण एकास दीडास तीन, म्हणजे साडेपाच भाग, त्यातला एक सिमेंटचा: 14 घनफूट. 50 किलोची गोणी म्हणजे साधारण सव्वा घनफूट. सव्वाअकरा गोण्यांच्या आसपास उत्तर येतं. यात आकारमान आहे, गुणोत्तर आहे, एककांचं रूपांतर आहे. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने हाच हिशोब घरी केला. त्यांच्या खोलीच्या स्लॅबला ठेकेदाराने अठरा गोण्या लावल्या होत्या. तुळया धरून दोन-अडीच वाढतील, एवढ्या कशा, असं तिने वडिलांच्या देखत विचारलं. बिल उतरलं. ही मुलगी मजूर झाली नाही. ती सध्या अकरावी शास्त्राला आहे.

‘साइटवर आपोआप शिकता येतं’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो वरवर शहाणपणाचा वाटतो. साइटवर सवय लागते, पण ती तशी का, हे तिथे कुणी सांगत नाही. माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून मिक्सरमध्ये पाण्याची बादली वाढते. एम-20 च्या, म्हणजे वरच्या एकास दीडास तीन प्रमाणाच्या मालाला गोणीमागे 30 लिटरच्या वर पाणी नको, जादा पाणी उडून गेलं की आत पोकळ्या राहतात, हे तिथे कुणी समजावत नाही. आमच्याकडे पोरं दोन लाद्या ओततात, एक पाणी मोजून, एक हात सैल सोडून. महिन्याने दोन्हींवर खिळ्याने ओरखडे काढायचे. पातळ मालाच्या लादीची पावडर निघते. खांबाच्या उभ्या सळ्यांभोवती बांधायच्या रिंगेची टोकं 135 अंशांत आत वळवायची असतात, म्हणजे हादरा बसला तरी रिंग उघडत नाही. घाईत ती 90 अंशांवर सोडून दिलेली मी कितीतरी साइटवर पाहिली आहे.

केवळ अनुभवावर विसंबलं की काय होतं, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जी घरं पडली, ती नवख्यांनी बांधलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधत आले होते: दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारा आरपार दगडच नव्हता. हादरा बसला, थर फाकले, छत खाली आलं. हजारो माणसं झोपेत गेली. उंचीला साधारण दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर एक लांब दगड आडवा घालायचा, एवढी ती माहिती. नववीतल्या पोराला ती एका तासात कळते.

आणि धोक्याचं काय? शाळेच्या आवारात, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट घालून, शिक्षकासमोर कमरेइतकी भिंत रचणं वेगळं, आणि चौथ्या मजल्याच्या परांचीवर चढणं वेगळं. बांधकाम मजूर म्हणून कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीच मुळात 18 वर्षांनंतर होते. त्याआधी पोराला ‘शिकायला’ म्हणून साइटवर धाडा असं म्हणणारेच त्याला धोक्यात घालत आहेत.

मुलींच्या मुद्द्याला आईच्या गोष्टीत उत्तर आलंच आहे. फक्त एवढं जोडतो: झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या काळात हजारो बायका गवंडीकाम शिकल्या आणि त्यांनी गावोगाव संडास बांधले. लोक त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. साइटवर बायका पहिल्यापासून आहेत, फक्त घमेल्यापाशी.

आयटीआय चांगलीच आहे. पण तिथे पोरगं बहुधा दहावीनंतर जातं आणि अर्जावर ट्रेड निवडतं. ज्याने कधी पान्हा धरलेला नाही, ते शेजारच्या दादाने भरला तोच ट्रेड भरतं.

मजकूर लिहिणाऱ्याला राग यायला हवा होता, तो दुसऱ्याच गोष्टीचा. विषय वेळापत्रकात असतो आणि कार्यशाळेला कुलूप असतं. प्रशिक्षक कंत्राटावर असतो, पगार महिनोन्‌महिने लांबतो, तो वर्षाच्या मध्यात सोडून जातो, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत सगळ्यांच्या आकृत्या एकाच वहीवरून उतरलेल्या असतात. यासाठी पालकांनी भांडावं, मी पुढे उभा राहीन. पुढच्या पालकसभेला गेलात की मुख्याध्यापकांना कार्यशाळा उघडायला सांगा आणि आतल्या थाप्या हातात घेऊन बघा: कडा झिजल्या आहेत, की दुकानातलं तेल अजून तसंच आहे.