प्रिंटरचा आयपी पत्ता मागच्या स्टिकरवर नसतो

‘वाय-फाय प्रिंटर सापडत नसेल तर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर आयपी पत्ता म्हणून टाका’ असा मेसेज फिरतो आहे. हे चुकीचं आहे. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवर प्रिंटर शोधण्यासाठी त्याला मिळालेला क्रमांक. लोक तो नंबर टाकत बसतात आणि शेवटी चांगला चालणारा प्रिंटर बिघडला असं समजतात, म्हणून हा खुलासा.

स्टिकरवर असतो तो सिरियल नंबर आणि बहुधा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची नेटवर्कवरची स्वतःची ओळख. मॅक पत्त्यात बारा खुणा असतात, ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. तो कारखान्यातच ठरतो. आयपी पत्ता मात्र घरातला राउटर देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३, आणि राउटर बंद-चालू केल्यावर तो बदलूही शकतो. मग तो स्टिकरवर आधीच छापणार कसा?

खरा पत्ता प्रिंटरलाच विचारा. स्क्रीन असेल तर नेटवर्क किंवा वायरलेस सेटिंगमध्ये दिसतो. नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. त्यासाठी कोणतं बटण दाबायचं ते मॉडेलनुसार बदलतं, माहितीपुस्तिकेत बघा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादीही असते. स्टिकरवरचा मॅक पत्ता खरा उपयोगी पडतो तो इथे, यादीतला आपला प्रिंटर ओळखायला.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी वाय-फाय पुन्हा जोडा. आणि पत्ता सारखा बदलत असेल तर राउटरमध्ये तो प्रिंटरसाठी राखून ठेवता येतो.