ताईचे बीपी तीन वर्षे कोणीच मोजले नाही

आज दुपारी भिशीत एका वहिनींनी मोबाइलवर आलेला संदेश मोठ्याने वाचून दाखवला, ‘पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की हार्ट अटॅक ठरलेला.’ सगळ्या जणींनी माना डोलावल्या, चहा आला आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही, म्हणून घरी येताच हे लिहायला बसले आहे.

माझ्या ताईची पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबली. रात्री अंगातून वाफा निघत, घामाने उशी भिजे, छातीत धडधडून जाग येई. तीन वर्षांत ती तीन डॉक्टरांकडे गेली आणि प्रत्येक वेळी ‘या वयात असे होतेच’ एवढे ऐकून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परतली. हार्मोनचा विषय तिने एकदा स्वतःहून काढला, तेव्हा ‘नको, हृदयाला धोका असतो’ असे सांगून तो तिथेच मिटवला गेला. तिच्या हृदयाची खरोखर काळजी असती, तर तिच्या दंडाला बीपीचा पट्टा कोणीतरी बांधला असता. तिघांपैकी एकानेही बांधला नाही.

ही भीती अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातून पसरली. २००२ साली त्याचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मुदतीआधी थांबवला गेला आणि जगभर स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. हृदयविकाराचे प्रमाण वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे हार्मोन न घेणाऱ्यांत ३०, तर घेणाऱ्यांत ३७ होते. ही वाढ खरी आहे, ती मी नाकारत नाही; पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती, हे भिशीतल्या संदेशात कोणी लिहीत नाही. रक्तवाहिन्यांमध्ये आधीच थर साचलेले असताना हार्मोन सुरू करणे आणि पाळी थांबल्यानंतर लवकर सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्रास खूप असेल, वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील आणि दुसरी अडचण नसेल, तर हे उपचार विचारात घेण्यासारखे असतात.

रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, मान्य. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या स्त्रियांना हे उपचार सहसा देत नाहीत, आणि केवळ हृदय सांभाळण्यासाठी म्हणून ते कोणीच घेऊ नयेत. पण हे सगळे ताईला समोर बसवून सांगायला दहा मिनिटे पुरली असती! बाहेर साठ रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरांनी ती दहा मिनिटे कुठून आणावीत, हेही मला कळते. बीपी मोजायला मात्र दोनच मिनिटे लागतात.

ताईचे बीपी अखेर मोजले गेले ते सोसायटीच्या रक्तदान शिबिरात. ती उत्साहाने रक्त द्यायला गेली आणि तिला परत पाठवले गेले, कारण आकडा १७०/१०० होता. पाळी थांबली की इस्ट्रोजेनचे संरक्षण कमी होते, बीपी आणि कोलेस्टेरॉल वाढू लागते, आणि हृदयाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते याच वर्षांत. नेमक्या त्याच तीन वर्षांत तिची धडधड वयाच्या खाती टाकली गेली. तो कागद हातात घेऊन ती माझ्या घरी आली आणि ‘मला वाटले, मीच नाटकी झाले आहे’ म्हणाली, ते आठवले की आजही माझा घसा दाटतो.

पुढे बीपी आटोक्यात आल्यावर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलविषयी तिला सविस्तर सांगितले. गोळ्यांपेक्षा त्यात गुठळ्यांचा धोका कमी दिसतो आणि गर्भाशय असल्यामुळे तिला सोबत प्रोजेस्टेरॉनही घ्यावे लागेल, हेही समजावले. ताईने विचार करून नको म्हटले. तो निर्णय तिचा होता, आणि तो तिने सगळे समजून घेतला, याचेच मला समाधान आहे.

आज भिशीतून निघताना मी त्या वहिनींना विचारले की त्यांनी स्वतःचे बीपी शेवटचे कधी मोजले. त्यांना आठवेना. सोमवारी सकाळी मी त्यांना घेऊन दवाखान्यात जाणार आहे.